मामाच्या पातेल्यावर शपथ

कोनादू बाजारात शिरली की तिची बातमी तिच्या पुढे धावायची. मिरचीवाली टोमॅटोवालीला खुणवायची, टोमॅटोवाली सुक्या मासळीवालीला, आणि कोनादू भांड्यांच्या ओळीत पोचेपर्यंत नको त्या वस्तू बाकड्याखाली ढकललेल्या असायच्या. कोनादूला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती आधी बाकड्याखालीच वाकून बघायची.

सरकारच्या मानक कार्यालयात ती निरीक्षक होती. लोकांनी चांगले पैसे मोजून घेतलेल्या वस्तूने त्यांचाच जीव घेऊ नये, एवढं पाहायचं तिचं काम. सांगायला सोपं, पण त्यासाठी रोज उठून अख्ख्या बाजाराशी भांडावं लागायचं. तिच्या जागी आधी आलेले दोघे साहेब सहा महिन्यांत बदली मागून पळाले. कोनादू मात्र रुळली, कारण तिला भांडायला मनापासून आवडायचं. ठिणग्या उडवणाऱ्या इस्त्र्या, पाय मोडणारे पाळणे, कातडी सोलणारी गोरेपणाची मलमं, सगळं तिने ट्रक भरभरून उचललं होतं. चूक सापडली की ती ओरडत नसे, गोड हसायची. त्या हसण्याने भल्याभल्या व्यापाऱ्यांना घाम फुटायचा.

त्यात नुकतंच कार्यालयाने तिला एक नवं यंत्र दिलं होतं. बंदुकीसारखी मूठ, मागे छोटा पडदा. धातूला टेकवून घोडा दाबला की त्या धातूत काय काय मिसळलंय ते पडद्यावर येई, आणि घातक काही असलं तर ती ओळ लाल दिसे, जितकं जास्त तितकी गडद. पहिल्याच दिवशी बाजाराने तिचं बारसं करून टाकलं. मॅडम पिस्तूल.

"या, मॅडम पिस्तूल," भांडेवाली ताविया मावशी म्हणाली. अनोमाक्रोमच्या बाजारात भांड्यांवर तिचा शब्द चालायचा. "कोणाला गोळी घालायची आज? माझ्या सुनेला घालणार असशील तर बोलावते."

"सुनेला नको मावशी, ती तुमच्या हाताने मरतेच आहे. मला पातेली दाखवा."

"पातेली काय बघायची? पातेलं ते पातेलं. बेदियाकोंच्या हातचं आहे, वाजवून घे."

आमच्याकडे ओतीव पातेलं वाजवूनच घेतात. घंटेसारखं वाजलं की खरं. कोनादूने वाजवलं, छान वाजलं. मग तिने यंत्र टेकवलं आणि घोडा दाबला.

ओळ लाल आली. शिसं.

तिने दुसरं पातेलं घेतलं, मग तिसरं, मग ढिगाच्या तळचं. सगळ्यांत शिसं. प्रत्येक पातेल्याच्या कानाखाली तीन बारीक खाचा होत्या. ती खूण ओळखायला कुणाला विचारायची गरज नव्हती. त्या खाचा बघत ती लहानाची मोठी झाली होती. बेदियाको तिचे सख्खे मामा.

आमच्याकडे घराणं आईकडून चालतं. बाप प्रेमळ असतो, पण तो दुसऱ्या घराण्याचा. वाढवायचं, दटावायचं, शाळेत घालायचं ते मामाने. कोनादूला मामांनी वाढवलं होतं.

"मावशी, ही पातेली विकू नका," ती म्हणाली. ह्या वेळी हसली नाही.

तेवढ्याने ताविया मावशी घाबरली.

बेदियाकोमामांची भट्टी लॉरी अड्ड्यामागे होती. मामा शिडशिडीत, भुवया आगीने कधीच्या जाळून नेलेल्या, हातात लांब पळी. ते वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतत होते, आणि ओतताना नेहमीप्रमाणे श्वास धरून उभे होते. ओतून झालं तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"आलं माझं सरकार!" ते भट्टीवरच्या माणसांकडे बघून ओरडले. "सरकारला खुर्ची द्या रे. उभं ठेवलंत तर दंड करील."

"मामा, मी बसायला नाही आले."

"मग उभ्याने जेव. मामीने मक्याचे केंके आणि मासे पाठवलेत."

कोनादूचं लक्ष मामांच्या मागे गेलं. शेडच्या एका बाजूला मोठमोठी पातेली एकात एक घालून रचली होती, एकेकात एक मूल मावेल एवढी. तिला आठवलं. तालुक्यातल्या शाळांत पोरांना दुपारचं जेवण सुरू होणार होतं, आणि त्या सगळ्या स्वयंपाकघरांची पातेली मामांना मिळाली होती. गावचे राजे, नाना, ह्यांनी स्वतः मामांचं नाव सुचवलं होतं. उद्या सकाळी गाडी येऊन ती घेऊन जाणार होती.

ती सरळ त्या ढिगाकडे गेली आणि यंत्र लावलं. लाल. दुसऱ्याला लावलं. लाल.

"मामा, ह्यांत शिसं आहे."

"कशात?"

"तुमच्या पातेल्यांत. बाजारातल्या आणि ह्यासुद्धा."

मामा हसले. "माझ्या पातेल्यात माझा घाम आहे. तुझ्या खेळण्याला तो दिसतो का बघ."

"घाम नाही दिसत. शिसं दिसतं. पातेल्यातून ते अन्नात उतरतं, अन्नातून रक्तात. रक्त कमी होतं. पोरांचा मेंदू वाढायचा तसा वाढत नाही. हे सगळं इतकं हळू होतं की कुणाला कळत नाही."

"कुणाला कळत नाही, फक्त तुला कळतं."

"हो. मला कळतं."

भट्टीवरची माणसं काम सोडून ऐकत होती. मामांचा चेहरा बदलला. "कोना, ह्याच पातेल्यांवर तू शिकलीस. तुझी पुस्तकं, तुझा गणवेश, ते पुढचं कॉलेज, सगळं ह्या भट्टीतून आलं."

"म्हणून तर मला वाचता येतं, मामा. जे वाचलं ते सांगतेय."

"मग आता माझं ऐक. उद्या सकाळी गाडी येईल, पातेली जातील. नानांना शब्द दिलाय मी. तुझ्या पिस्तुलाला भूक लागली असेल तर त्या चिनी किटल्यांना लाव."

"मी ही पातेली जाऊ देणार नाही."

"कोणत्या अधिकाराने?" मामा म्हणाले आणि पळी खाली ठेवली. पळी खाली ठेवली म्हणजे मामा खरोखर चिडलेत, हे भट्टीवर सगळ्यांना माहीत होतं.

अधिकार! कोनादूने बाहेर येऊन तिच्या वरिष्ठांना, अम्पोन्सासाहेबांना, फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते कुमासीला बसायचे, भले गृहस्थ, पण फाइल बघितल्याशिवाय पाणीसुद्धा न पिणारे.

"बेदियाको तुझे कोण?" साहेबांनी विचारलं.

"मामा."

"सख्खे?"

"सख्खे."

"मग तू हात लावायचा नाही. नात्यातल्या माणसावर निरीक्षकाने कारवाई करायची नाही, नियम आहे. मी राजधानीत, अक्राला लिहितो, दुसरा निरीक्षक येईल. तीन-चार आठवडे धर."

"आणि तोवर पोरं त्यात जेवणार?"

"कोनादू, हाच नियम मागच्या महिन्यात तू मला पाठ म्हणून दाखवला होतास."

दाखवला होता खरा. एका निरीक्षकाने स्वतःच्या मेव्हण्याच्या दुकानावर दयामाया केली होती, तेव्हा हिनेच रान उठवलं होतं. नियम बरोबर होता, आणि आज तो तिच्याच मानेवर बसला होता. मग तिला जे सुचलं त्याने तिचं तिलाच हसू आलं, ते गोड, व्यापाऱ्यांना घाम फोडणारं हसू.

"ठीक आहे साहेब. मी हात लावत नाही. उद्याची रजा मिळेल?"

"कशाला?"

"घरगुती काम आहे."

"आणि यंत्र?"

"यंत्र मी जवळच ठेवते. महागाचं आहे, चोरीला गेलं तर तुम्हालाच लिहावं लागेल."

साहेब म्हणाले, "मला काही सांगू नकोस," आणि फोन ठेवला. भले गृहस्थ होते.

निरीक्षक म्हणून तिचे हात बांधलेले होते. पण ती त्या घराण्याची मुलगी होती, आणि गावाची मुलगी म्हणून तिच्या हातात असं एक हत्यार होतं जे कुठल्या कायद्याच्या पुस्तकात नव्हतं.

ती भट्टीवर परत गेली. मामा पुन्हा पळी घेऊन उभे होते. लॉरी अड्ड्यावरचे हमाल, चहावाले, दोन-चार भांडेवाल्या, भांडणाच्या वासाने सगळे जमले होते. कोनादूने चपला काढल्या. चपला काढल्याबरोबर म्हातारी माणसं सावध झाली.

"मी नानांची थोरली शपथ घेते," ती मोठ्याने म्हणाली, "ही पातेली इथून हलायची नाहीत. ह्यांत शिसं आहे, आणि मी हे नानांसमोर सिद्ध करीन."

अड्ड्यावर एका गाडीवाल्याने चालू इंजिन बंद केलं.

थोरली शपथ म्हणजे गंमत नाही. नानांच्या घराण्यावर एके काळी आला तो काळा दिवस त्या शपथेत असतो, आणि तो आठवून दिला की सगळं थांबतं. जमिनीवर शपथ पडली तर नांगर थांबतो, घरावर पडली तर गवंडी उतरतो. नानांनी निवाडा करेपर्यंत त्या वस्तूला बोट लावायची कुणाची छाती नाही. पण शपथ खोटी ठरली तर घेणाऱ्याला मेंढी आणि दारूच्या बाटल्या द्याव्या लागतात, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे जन्मभर तो माणूस खोट्या शपथेचा म्हणून ओळखला जातो. मग त्याने पुन्हा कुणाला काही सांगितलं तरी कोण ऐकणार? निरीक्षकाचं तर सगळं कामच सांगण्याचं.

मामांनी पुन्हा पळी खाली ठेवली. भाचीने मामावर शपथ घालावी असं गावात कधी झालं नव्हतं. पण गप्प बसले तर ती कबुली ठरली असती.

"मीही तीच शपथ घेतो," ते म्हणाले. "माझ्या पातेल्यांत काही वाईट नाही."

झालं. आता दोघांतलं एक खोटं ठरणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. शाळेची गाडी आली, शपथ पडल्याचं तिच्या चालकाला कळलं, आणि तोही गाडी लावून बघायला येऊन बसला. मोठ्या छत्रीखाली नाना बसले होते. त्यांच्या शेजारी पेप्राकाका, हातात सोनेरी मुठीची काठी. नाना कुणाशी थेट बोलत नाहीत आणि त्यांच्याशी कुणी थेट बोलत नाही. बोलणं पेप्राकाकांच्या कानातून आत जातं आणि पेप्राकाकांच्या तोंडून बाहेर येतं, वाटेत थोडी साखर पडून.

मामांनी अनवाणी पुढे येऊन नानांच्या मानासाठी खांद्यावरचं वस्त्र खाली घेतलं. कोनादू गुडघ्यात वाकली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. रात्रभर तिला झोप नव्हती, पण मनात शंका अशी नव्हती. यंत्र बरोबर होतं, ती बरोबर होती. फक्त समोरचा माणूस दुसरा कुणी असता तर फार बरं झालं असतं.

तिने सांगायचं ते सांगितलं. पेप्राकाकांनी साखर घालून ते नानांपर्यंत पोचवलं. मग त्यांनी खाकरून स्वतःच विचारलं, "यंत्र तुझं. धरणारी तू. वाचणारी तू. शपथही तुझीच. मग ह्यात साक्षीदार कोण?"

लोकांत कुजबुज झाली. प्रश्न रास्त होता.

"काका, तुमचा चष्मा आहे का?"

"आहे."

"मग साक्षीदार तुम्ही. घ्या, तुम्हीच धरा."

पेप्राकाकांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हातात यंत्र. माणसावर रोखायचं नाही, टेकवायचं, दाबायचं, थांबायचं, एवढं तिने शिकवलं. काकांना ते भलतंच आवडलं. आधी त्यांनी दाराची कडी तपासली. "लोखंड!" त्यांनी जाहीर केलं. मग एका बाईच्या बांगडीला टेकवलं. "पितळ!" बाईने नवऱ्याकडे असं पाहिलं की तो मागच्या रांगेत सरकला. हसू पिकलं. काका रंगात आले, आणि त्यांनी यंत्र वळवलं ते थेट स्वतःच्या काठीच्या सोनेरी मुठीकडे.

"काका, तिथे नको," कोनादूने झटकन त्यांचा हात धरला.

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मुठीकडे पाहिलं, आणि त्यांना समजलं. नानांनी तोंडावर रुमाल धरला होता. त्यांचे खांदे हलत होते.

मग शाळेची पातेली आणली. काकांनी एकेकाला यंत्र लावलं आणि चष्मा सावरून वाचत गेले. शिसं. शिसं. पुन्हा शिसं. आता हसू थांबलं होतं.

"मला बोलायचंय," मामा म्हणाले. ते ताठ उभे होते. "ते यंत्र काय बोलतं मला कळत नाही. मला माझ्या उस्तादाने घालून दिलेला रिवाज कळतो. प्रत्येक नव्या ओतणीतलं पहिलं पातेलं मी विकत नाही. ते माझ्या घरी, माझ्या चुलीवर जातं. जे आपल्या ताटात नको ते दुसऱ्याच्या ताटात घालायचं नाही. ह्या शाळेच्या ओतणीतलं पहिलं पातेलं आज माझ्या घरात आहे. माझी नात मान्सा त्यातलंच खाते. सांगा नाना, मी माझ्या नातीला विष घालीन?"

अंगण दणाणलं. "खरंय! खरंय!" लोक ओरडायला लागले. ताविया मावशीने तर डोळे पुसले.

तो रिवाज कोनादूला माहीत होता, लहानपणी त्याच पहिल्या पातेल्यांतलं ती जेवली होती. पण कालपासून तिच्या डोक्यात शाळेतली पोरं होती, गाडी होती, शपथ होती. मामांच्या चुलीचा विचार तिला सुचलाच नव्हता, आणि ह्याची तिला फार लाज वाटली.

"घरचं पातेलं आणा!" मामा म्हणाले. "त्यालाच लावा तुमची बंदूक."

"मामा, ते नको," कोनादू म्हणाली.

"का? आता घाबरलीस?"

लोक हसले. तिने पुन्हा सांगितलं, "मामा, इथे नको. मी घरी येऊन बघते."

"आणा म्हणतो ना!"

मामीने पातेलं डोक्यावरून आणलं. सकाळचं शेंगदाण्याचं कालवण काढून घाईत विसळलं असावं, तळाला अजून तांबूस ओल होती. पेप्राकाकांनी यंत्र टेकवलं, घोडा दाबला, वाट पाहिली. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"वाचा काका," मामा म्हणाले.

"बेदियाको," काका हळूच म्हणाले, "हे सगळ्यांपेक्षा लाल आहे."

ह्या वेळी त्यांनी साखर घातली नाही. मामा तसेच उभे राहिले. मामीला नीट कळलं नव्हतं, ती आळीपाळीने सगळ्यांकडे बघत होती.

ताविया मावशी उठली ती तशीच घरी पळाली, आणि धापा टाकत एक काळंकुट्ट पातेलं घेऊन आली. "हे माझ्या लग्नातलं," ती म्हणाली. "ह्यांच्याच हातचं. खाचा बघा. ह्यात मी अकरा पोरं वाढवली, माझी आणि नणंदेची. हेही बघा. माणसाची अब्रू अशी एका पातेल्यावर नाही घ्यायची."

काकांनी ते तपासलं. मग पुन्हा तपासलं. "ह्यात नाही," ते म्हणाले. "साफ आहे."

कोनादूच्या जिवात जीव आला. ती निरीक्षक होती, आणि आता तिला नेमका प्रश्न सापडला होता. ती मामांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"मामा, हात तुमचाच. साचा तोच, भट्टी तीच. मग तेव्हा भट्टीत काय जायचं आणि आता काय जातं?"

"तेव्हा जुनी इंजिनं यायची," मामा म्हणाले. "पिस्टन, डबे. आता इंजिनं मिळत नाहीत. आता गाड्यांच्या रिमा."

"एक रिम आणवा."

शाळेच्या गाडीचा चालकच धावत भट्टीवर जाऊन एक मोडकी रिम घेऊन आला. कोनादूने ती फिरवून कडेला चिकटलेला करडा, बोटभर तुकडा दाखवला. टायरवाला चाक डगमगू नये म्हणून वजनाचे असे तुकडे ठोकतो. काकांनी यंत्र त्या तुकड्याला टेकवलं. पडदा वाचायची वेळच आली नाही, लाल रंग पहिल्या रांगेतल्यांनाही दिसला.

मामांनी कुणाची तरी पक्कड मागून घेतली. एका हिसक्यात तो तुकडा उपटला आणि तळहातावर घेऊन बघत राहिले.

"हे मी काढायला सांगितलंच नाही," ते म्हणाले. "म्हटलं धातूच तो. वितळेल."

निवाड्याला वेळ लागला नाही. ती पातेली सगळ्यांसमोर फोडायची, पण पुन्हा भट्टीत घालायची नाहीत. गावातली अलीकडची सगळी पातेली गोळा करायची. शाळेसाठी नवी ओतायची, रिमांवरचे तुकडे उपटून, आणि प्रत्येक पातेलं तपासून. बेदियाको हरले म्हणून मेंढी द्यायची त्यांच्या घराण्याने. घराणं एकच असल्यामुळे त्या मेंढीची वर्गणी कोनादूलाही भरायची होती. जिंकलेल्या खटल्याचा दंड भरणारी गावातली ती पहिलीच. पेप्राकाकांनी हे सांगितलं तेव्हा लोक हसले, तीही हसली. शाळेची पातेली थांबली होती. शपथ खरी ठरली होती. तिची मान ताठ होती आणि ती ताठ असल्याचा तिला संकोच नव्हता.

जिंकलेल्याच्या हातांना पांढरी माती फासतात. बायका माती घेऊन तिच्याभोवती जमल्या, गाणं सुरू झालं. माती फासून होते तोच तिने पाहिलं, मामा अंगणात नव्हते. नाना उठायच्या आधी उठून जायचं नसतं, तरी ते गेले होते आणि त्यांना कुणी अडवलं नव्हतं.

ती तशीच मागोमाग गेली. मामांच्या अंगणात चुलीजवळ मातीत कालवण सांडलं होतं. मामा स्वयंपाकघरातून एकेक पातेलं बाहेर आणत होते आणि कुंपणापलीकडे फेकत होते. ज्यांच्या कडा अजून चकचकीत होत्या ती आधी. दाराशी मान्सा बसली होती, चार वर्षांची, हातात लाकडी चमचा.

शेवटचं पातेलं फेकून मामा उंबऱ्यावर बसले.

"कोना," ते म्हणाले, "ही अजून बोलत नाही. दोन-तीन शब्द, बस्स. आम्ही म्हणायचो, आजोबांवर गेलीय, भट्टीजवळ बोलायला वेळ कुठे असतो." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "ते ह्यामुळे?"

कोनादूला बाजारात, कार्यालयात, नानांच्या समोर, कधी उत्तर अडलं नव्हतं.

"माहीत नाही, मामा."

"तुला माहीत नाही?"

"नाही." तिचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत. "दुपारच्या गाडीने हिला कुमासीला नेऊ. रक्त तपासू. आजपासून नवीन शिसं हिच्या पोटात जाणार नाही, एवढंच मला नक्की माहीत आहे."

मामांनी मान डोलावली. त्यांनी मान्साला उचलून तिच्या कडेवर दिलं. मान्साने कोनादूच्या दंडावरची पांढरी माती बोटाने पुसली, बोट निरखून पाहिलं आणि तोंडाकडे नेलं.

मामांनी झडप घालून ते बोट धरलं.

"थांब," ते कोनादूला म्हणाले, "ही माती तपास आधी."